लुगडं, टोपी आणि टीव्ही

मागच्या शनिवारी संगमनेरला घरी गेलो होतो. पुतणीच्या शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं, आणि तिची 'नऊवारी' कुरियरने आली होती. मोठ्या उत्साहात तिने पिशवी फोडली, घडी उलगडली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. ती साडी नव्हतीच. पँट होती! दोन पाय, कमरेला नाडी, पुढे शिवून टाकलेल्या निऱ्या, मागे शिवलेला कासोटा आणि खांद्यावर पिनने लावायचा पदर. दीड मिनिटात पोरगी तयार. आरशासमोर गिरकी घेऊन म्हणाली, "काका, कशी दिसते?"

छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण मला एकदम आजी आठवली. आणि तिच्याबरोबर वीस वर्षांपूर्वी मी केलेला एक गाढवपणाही.

तर झालं असं की २००६ साली माझा पदवीदान समारंभ होता. पुण्यात. घराण्यातला पहिला इंजिनीअर म्हणून अकोले तालुक्यातल्या आमच्या गावाहून आजी येणार होती. आजी जन्मभर लुगडंच नेसली. इरकली, नऊ वार, अंगात खणाची चोळी, डोक्यावरून पदर. मी फोनवर आईला म्हणालो, "आजीला सांग ना, त्या दिवशी सहावारी नेस म्हणावं. इथं सगळ्यांचे आई-वडील येणारेत." आईने निरोप दिला. आजी काही बोलली नाही. आईची साडी नेसून आली.

बाईने सत्तर वर्षांत परकर असा घातला नव्हता. सभागृहाच्या पायऱ्या चढताना दोन्ही हातांनी साडी उचलून धरलेली, नजर पायांकडे. खुर्चीत बसली ती अवघडून. त्या दिवसाचा फोटो आहे माझ्याकडे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, आजी स्वतःच्या पायांकडे.

माझ्या डोक्यात हे आलं कुठून? तेव्हा हॉस्टेलच्या टीव्हीवर काय चालायचं ते आठवून पाहिलं. २००३ ते २००६ 'जस्सी जैसी कोई नहीं' जोरात होती. कोलंबियातल्या एका मालिकेचा हा देशी अवतार. चष्मा, दातांना तारा, अजागळ कपडे अशी हुशार मुलगी. आणि अख्खा देश वाट बघत होता ती 'सुंदर' कधी होणार याची. केबलवर अमेरिकन मेकओव्हरचे कार्यक्रमही दिसायचे. 'व्हॉट नॉट टू वेअर' हा त्यातला नावाजलेला. मूळ बीबीसीचा, २००१ चा. अमेरिकेत २००३ पासून दहा वर्षं चालला. मित्र-नातेवाईकच त्या बाईचं नाव कळवायचे, चोरून तिचं चित्रीकरण व्हायचं, मग तिला चोहोबाजूंनी आरसे लावलेल्या खोलीत उभं करायचं आणि खरेदीला पाच हजार डॉलर द्यायचे. अट एकच. जुने कपडे कचऱ्याच्या डब्यात.

या प्रकारात 'नंतर' चांगलं दिसायचं तर 'आधी' वाईट असावंच लागतं, नसेल तर ते तसं ठरवावं लागतं. आणि नाव कळवणारा घरचाच माणूस असतो. २००६ साली तो मी होतो.

आता जरा मागे जाऊ. टीव्हीला एकट्याला झोडपणं सोपं आहे, पण 'असं नेसा' हा दाब टीव्हीच्या फार आधीपासूनचा आहे. १८६० च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर मुंबई इलाख्यात आलेल्या ज्ञानदानंदिनीबाईंनी पारशी बायकांचं बघून साडी नेसायची नवी तऱ्हा उचलली आणि बंगालात नेली. आज आपण जिला 'साडी' म्हणतो त्या सहावारीच्या घराण्यातली ही एक पणजी. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि साडीतल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. आणि बालगंधर्व! १९११ च्या 'मानापमान'नंतर महाराष्ट्रातल्या शिकल्या-सवरलेल्या घरांतल्या बायका साडी कशी नेसायची, गजरा कसा माळायचा हे एका पुरुषाकडे बघून ठरवत होत्या. यापेक्षा मोठा मेकओव्हर झी मराठीलाही जमलेला नाही.

फरक एवढाच की बालगंधर्व गावोगावच्या शेतकरणीपर्यंत पोचले नाहीत. टीव्ही पोचला.

आणि आमच्या नगर जिल्ह्याचा कपड्यांशी संबंध जुना. १४९० साली अहमद निजामशहाने शहर वसवलं, आणि त्यानंतर लवकरच तिथे लुगडी विणायचा धंदा आला असं सांगतात. १८८४ साली छापलेल्या नगरच्या गॅझेटियरमध्ये लुगडी विणणं हा जिल्ह्यातला मोठा उद्योग म्हणून येतो. बरेचसे माग नगर शहरात, शिवाय भिंगार, आणि आमचं संगमनेरही. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर इथे पिढ्यान् पिढ्या राहिले. नगरला आजही त्यांची मोठी वस्ती आहे. पुढे गिरण्या आल्या, मग यंत्रमाग, आणि हातमागाची खटखट कमी होत गेली. (मी संगमनेरात वाढलो आणि आपल्या गावात लुगडी विणायचे हे मला तिशीनंतर कळलं. शाळेत आम्हाला इंग्लंडमधल्या कापडगिरण्या होत्या.)

लुगडं हे वस्त्र म्हणून किती हुशारीचं आहे ते मला फार उशिरा कळलं. साधारण सव्वाआठ मीटर अखंड कापड. ना शिलाई, ना बटण, ना परकर. कासोटा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे. विहिरीवर चढा, भातलावणीला चिखलात उतरा, बैलगाडीत उडी मारून बसा. जाड-बारीक, उंच-बुटकी, गरोदर, म्हातारी सगळ्यांना एकच माप. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच कोड, सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालणारं. पुढचा ओचा म्हणजे खिसा. आजी शेतातून येताना त्यात शेंगा, करवंदं, एकदा तर चक्क कोंबडीचं पिल्लू घेऊन आली होती. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडायचे, म्हणजे 'दंड घालायचा'. तेही फाटलं की गोधडी. गोधडी फाटली की पोतेरं. 'कचऱ्याच्या डब्यात' ही पायरी त्यात नव्हतीच.

आणि हे नेसणारी बाई त्यात स्वतःचं काहीतरी करायची. आजीचा पदर उजव्या खांद्यावरून येऊन कमरेला असा काही खोचलेला असायचा की लांबून, बांधावरून, ही आपली आजी हे ओळखू यायचं. स्टाइल म्हणतात ती हीच असावी. तिला कुणी तो शब्द सांगितला नव्हता एवढंच.

मग आमच्याकडे २००४ चा सप्टेंबर उजाडला आणि 'होम मिनिस्टर' सुरू झालं. आदेश बांदेकर भावोजी घरोघरी जाणार, वहिनींशी गप्पा, खेळ, आणि जिंकली की पैठणी. २०२२ पर्यंत चाललं. मला हा कार्यक्रम मनापासून आवडायचा. ज्या बाईला आयुष्यात कुणी 'तुम्हाला काय आवडतं' विचारलं नव्हतं तिला माईकसमोर ते विचारलं जायचं. पण त्याने पैठणीचं काय केलं ते बघा. आमच्या कोपरगावला लागून, जिल्ह्याची हद्द ओलांडली की येवलं. तिथे हातमागावर एक खरी पैठणी विणायला कित्येक आठवडे, काठपदर भारी असेल तर महिने लागतात. जे वस्त्र श्रीमंताघरच्या लग्नात दिसायचं ते रोज संध्याकाळी प्रत्येक घरात दिसायला लागलं. मग यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' आली आणि ती ऐपतीतही आली. २०१३ पासून 'होणार सून मी ह्या घरची' लागली तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात जान्हवीचं मंगळसूत्र. २०१६ च्या 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका तर नवऱ्याला गावठी वाटते म्हणूनच कथा सुरू होते. आई ती मालिका बघताना दातओठ खायची. मी मुकाट्याने लॅपटॉपमध्ये डोकं घालायचो.

नऊवारी मात्र टीव्हीने मारली नाही, हे कबूल केलं पाहिजे. ती आधीच मरत होती. माझी आई ऐंशीच्या सुमारास लग्न होऊन आली तीच सहावारीत. टीव्हीने आणि सिनेमाने नऊवारी परत आणली. पण कशी? वेश म्हणून. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर तर दुकानांतून 'पेशवाई', 'मस्तानी' अशा नावांच्या शिवलेल्या नऊवाऱ्या लटकायला लागल्या. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी घडी. रोजच्या कामाचा कपडा सणाचा वेश झाला, आणि तो रोज नेसणारी बाई मात्र अजून 'आधी'च्याच फोटोत.

हे मला टोचायचं कारण टोपी.

५ एप्रिल २०११ ला आमच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे जंतरमंतरला उपोषणाला बसले. १६ ऑगस्टला अटक, तिहार, मग रामलीला मैदान, २८ तारखेला उपोषण सुटलं. ते दिवस आठवतात? चोवीस तास तेच चालू. धोतर, सदरा, पांढरी टोपी असा आमच्याकडच्या कुठल्याही एसटी स्टँडवर भेटणारा म्हातारा, आणि देशातली सगळी चॅनेलं त्याच्यासमोर. त्याचा मेकओव्हर करायची कुणाची हिंमत झाली नाही. उलट त्याने देशाचा केला. 'मैं अण्णा हूँ' छापलेली टोपी आयटी पार्कमधल्या पोरांनीही घातली. मीही. पुण्यातल्या एका मोर्चात, ब्रँडेड टी-शर्टवर.

गंमत म्हणजे ती टोपी जिच्या नावाने ओळखली जाते त्या गांधींनी ती जेमतेम काही वर्षं घातली. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी टोपी-सदरा सोडून पंचा नेसायचं ठरवलं, ते शेवटपर्यंत. टोपी मात्र आमच्या खेड्यांनी ठेवून घेतली. इंग्रजांच्या अनेक कचेऱ्यांत ती घालायला मनाई होती, म्हणून ती डोक्यावर असणं हेच एक बोलणं होतं.

तर त्या वर्षी १ सप्टेंबरला गणपती होते. गावी गेलो, बॅगेतून कपडे काढताना ती टोपी खाली पडली. आजीने उचलली, उलटसुलट करून पाहिली, झटकली. म्हणाली, "टोपी चालती व्हय रे तुमच्या पुण्यात?"

एवढंच. पुढे काही नाही. टोपी माझ्या हातात दिली आणि चुलीकडे गेली. पाच वर्षं तिने तो सहावारीचा विषय काढला नव्हता, त्यानंतरही काढला नाही. आजी २०१४ ला गेली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्म पुरस्कारांचा सोहळा लागला होता. २०२० च्या यादीत आमच्या जिल्ह्यातली दोन गावं होती: हिवरे बाजारचे पोपटराव पवार आणि कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. कोंभाळणं अकोले तालुक्यातलं. राहीबाई महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या; भाताची, वालाची, भाज्यांची गावठी वाणं जपून त्यांनी घरात बियाण्यांची बँक उभी केली, पुढे बाएफ संस्थेची साथ मिळाली. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, २०१९ च्या महिलादिनी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. इतके कॅमेरे, इतकी विमानं, इतकी व्यासपीठं झाली आणि बाईंचं नेसणं जिथल्या तिथे. नऊवारी, डोक्यावर पदर. भाषाही तीच, अकोल्याची. राष्ट्रपती भवनाच्या त्या गालिच्यावरून त्या कुठेही साडी न सावरता चालत गेल्या.

मी पुण्यात घरून काम करत होतो. एका मीटिंगचा माईक म्यूट केला आणि बघत राहिलो. 'गावठी' हा शब्द बियाण्याला लावला की कौतुक आणि बाईला लावला की शिवी, हे तेव्हा डोक्यात आलं. असो.

एक आणखी. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंची तसबीर डोळ्यासमोर आणा: साधी पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात पिंड. १७५४ ला नवरा कुंभेरीला पडला तेव्हापासूनचं हे पांढरं वस्त्र. तिने ते निवडलं की तिच्यावर ते लादलं, हा प्रश्न सोपा नाही. वैधव्याचा पांढरा रंग कुणाची स्टाइल नसते. पण त्याच साडीत तिने जवळजवळ तीस वर्षं राज्य केलं. नऊवारीच्या प्रेमात पडून मी जुनं ते सगळं सोनं म्हणायला लागलो तर ही तसबीर मला गप्प करते. माझ्या आजीलाही लुगडं 'निवडायला' कुणी सांगितलं नव्हतं. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. पण ते तिच्या अंगाला आणि कामाला मुरलेलं होतं, आणि ते एका दिवसासाठी उतरवायला सांगणारा मी होतो.

तर, पुतणी. गिरक्या मारून झाल्यावर तिने विचारलं, "पणजीची खरी होती ना? ती नेसता येते?" माळ्यावरची ट्रंक काढली. बरीचशी लुगडी गोधड्यांत गेली होती, दोन राहिली होती. त्यातलं हिरवं इरकल उघडलं. आई म्हणाली, "मला नाही येत गं, मी कधी नेसलेच नाही." मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. अर्धा तास आम्ही तिघं त्या कापडात गुरफटून पडलो होतो, कासोटा काही राहीना.

शेवटी अकोल्याला आत्याला फोन केला. ती अजून नेसते. फोनवर सांगता येणार नाही म्हणाली, हाताने दाखवावं लागतं. येत्या रविवारी येतेय.