जातं थांबलं, ओवी थांबू नये



गेल्या श्रावणात आपल्या रेडिओच्या ताई ओव्या रेकॉर्ड करायला आमच्या गटाच्या बैठकीला आल्या होत्या. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि आम्ही पडवीत पडून असलेलं जातं मधोमध आणलं. आमच्या गटातल्या एक मावशी तरणा मुलगा गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हत्या. हप्ता द्यायचा आणि उठून जायचं, एवढंच. त्या दिवशी त्या जात्यापाशी बसल्या, खुंट्याला हात घातला आणि गाऊ लागल्या. मुलाचं नाव त्यांनी ओवीत गुंफलं. तिसऱ्या ओवीला आवाज फुटेना, तेव्हा समोरच्या आजींनी ती उचलून पुढे नेली. नंतर मावशी एवढंच म्हणाल्या, "आज छाती मोकळी झाली गं."

हे छाती मोकळी करणं आपल्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे, ते आज सांगते.

बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी ओवीत लिहिली गेली, त्याच्याही आधी ओवी आपल्या उखळा-मुसळापाशी होती. पुढे संत जनाबाई झाल्या. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या. विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसायचा, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यात एक गोष्ट दिसते. राबणाऱ्या बाईला कामात कुणीतरी सोबत हवी असते.

ओवी ही सोबत होती. पहाटे घर झोपलेलं असायचं. नणंद-भावजय नाहीतर सासू-सून समोरासमोर बसायच्या, एक वैरण घालायची, दोघी मिळून जातं ओढायच्या. दिवसभर जे बोलायची चोरी, ते ओवीत बोलता यायचं. माहेरची आठवण, भावाची वाट, सासुरवास, नवऱ्याचा मार, पंढरीची ओढ. पुढच्या काळात बाबासाहेबांवरच्याही ओव्या आल्या. ओवीला कुणी उलटून जाब विचारत नव्हतं, कारण ते 'गाणं' होतं.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवा. जन्म 1880 चा. अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आलं, पदरी लेकरं, शेतीचं काम. त्या घरात आणि शेतात राबता राबता गाणी रचत गेल्या. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी पुस्तकरूपात आली. छापून येतील म्हणून त्यांनी ती रचली नव्हती. ती त्यांच्या जगण्यासाठीच होती.

मग डिझेलच्या आणि विजेच्या गिरण्या गावोगाव आल्या. ते चांगलंच झालं. दोन-दोन तास जातं ओढून खांदे, कंबर, छाती भरून यायची. बाळंतिणीलाही सुटका नसायची. ते दिवस परत यावेत असं कुणीही म्हणू नये. पण दळण गिरणीत गेलं, तशी पहाटेची ती बैठकही मोडली. कष्ट गेले, सोबत मन मोकळं करायची जागाही गेली. 1980 च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी गावच्याच बायकांना सोबत घेऊन ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. एवढं बायकांनी मनात साठवून ठेवलं होतं.

आता आरोग्याचं. गाताना आपण लांब श्वास घेतो आणि सावकाश सोडतो. त्याने छातीची धडधड निवते, आवळलेलं अंग सैल पडतं. दुःखाला शब्द मिळाले की ते जरा हाताळता येतं. आणि समोरची ओवी उचलते, तेव्हा आपण एकट्या नाही हे कळतं. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य यांच्यावर एक अहवाल काढला. त्यात तीन हजारांवर अभ्यास तपासले होते. गाणं, नाच, चित्र, हस्तकला यांचा शरीराला आणि मनाला उपयोग होतो, असंच त्यातून दिसलं. आपल्या आज्यांनी अहवाल वाचला नव्हता, पण त्यांना हे माहीत होतं.

एक मात्र नीट ऐका. ओवी औषधाची जागा घेत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला, तर सरकारच्या टेली-मानसच्या 14416 या नंबरवर फोन करा, दवाखान्यात जा.

गटात मी हे बोलले की बायका म्हणतात, "छंद रिकाम्या बायकांना. आम्हाला वेळ कुठाय?" मैत्रिणींनो, जनाबाईंना कुठे वेळ होता? बहिणाबाईंना कुठे होता? आज्यांनी वेळ मागितला नाही, कामातूनच काढला. आपलं काम बदललंय, म्हणून आपल्याला तो ठरवून काढावा लागेल.

आम्ही आता बैठकीचा शेवटचा अर्धा तास पैशांची गोष्ट काढत नाही. कुणी ओवी म्हणते, कुणी गोधडीला टाके घालते, एक सूनबाई वहीत चित्रं काढते. आज्यांच्या ओव्या आम्ही रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून घेतो. मावशींचं दुःख काही संपलेलं नाही. पण आता त्या हप्ता देऊन लगेच उठत नाहीत, थांबतात.

तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या आजीपाशी या आठवड्यात जाऊन बसा. एक ओवी मागून घ्या. आणि पुढची तुमची तुम्ही जोडा.