वाटणीत न आलेली टीम

बोरीत आमच्या घरामागच्या खळ्यावर आम्ही पोरं फुटबॉल खेळायचो, तेव्हा आजोबा बाजेवर बसून एकच नियम लावायचे. उजव्या पायानं चेंडू मारला की बाहेर. ओळखायला सोपं जावं म्हणून उजव्या पायाला चिंधी बांधायची. चिंधीचा पाय चेंडूला लागला की त्यांची काठी वर. "निघ! रहीमसाहेबाच्या हाताखाली असतास तर समजलं असतं."

हे रहीमसाहेब कोण, आम्हाला ठाऊक नव्हतं. जिंतूर नाहीतर परभणीच्या शाळेतले कुणी मास्तर असतील, असं मी कैक वर्षं धरून चाललो होतो. मास्तरच होते ते, पण हैदराबादचे.

चेंडू कातड्याचा होता. आत रबरी ब्लॅडर. सायकलच्या पंपानं हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्यानं आवळायची, आत सारायची आणि वरून बुटाच्या नाडीसारखी वादी ओवायची. ती वादी कपाळावर बसली तर दोन दिवस वळ जायचा नाही. पावसात चेंडू धोंड्यासारखा जड व्हायचा. उसवला की मोची शिवून द्यायचा, आणि दर शिवणीला तो आणखी लांबोडका होत गेला. शेवटी शेवटी भोपळ्यासारखा कुठंही पळायचा. १९५६ साली आजोबा हैदराबादहून आले ते एक पत्र्याची पेटी, पोलिसातली नोकरी आणि हा चेंडू घेऊन.

आजोबांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. निजामाच्या राज्यात दुसरा मार्ग फारसा नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, आणि त्यानंतरच्या भरतीत ते हैदराबादेत शिपाई झाले. काहीच महिन्यांपूर्वी ज्या वर्दीला बघून गाव दारं लावून घेत होतं, तीच वर्दी. पणजीनं म्हणे दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

याच खात्याची फुटबॉलची टीम होती, हैदराबाद सिटी पोलीस. खेळाडूला पोलिसात नोकरी द्यायची, पगार खात्याचा, घाम मैदानावर, असा तो मामला. टीमला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. १९५० साली या टीमनं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. मग ५१, ५२, ५३, ५४. लागोपाठ पाच वर्षं. रोव्हर्स ही १८९१ पासूनची स्पर्धा, सुरुवातीची कितीतरी वर्षं गोऱ्या पलटणींची मिरास. त्याच १९५० साली दिल्लीत ड्युरंड कपाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानशी १–१ अशी बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळवला, आणि हैदराबादनं १–० नं मारला. दोन वर्षांपूर्वी फौज घालून जे राज्य घ्यावं लागलं, त्या राज्याचे पोलीस दिल्लीत येऊन कप घेऊन गेले, असं आजोबा मिशीला हात लावून सांगायचे.

"लागोपाठ सहा रोव्हर्स," असंही सांगायचे. इथं त्यांना अडवणारा गावात एकच माणूस होता. बाजारातला शिंपी, ज्याला आम्ही चाचा म्हणत असू.

चाचांकडं 'सियासत' यायचा, तोही शिळा. हैदराबादहून रेल्वेनं परभणी, तिथून मोटारीनं बोरी. चाचा खेळाची बातमी आधी वाचत आणि मापाच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवत. पुढून छाती, कंबर, बाही. मागून ड्युरंड, रोव्हर्स. आकडे उर्दू. मला वाचता यायचे नाहीत. उर्दूचा पाच मला उलट्या बदामासारखा दिसायचा. आजोबांनी सहा म्हटलं की चाचा कात्री खाली ठेवत, वही काढत आणि १९५५ च्या ओळीवर बोट ठेवत. तिथं मोहन बागान लिहिलेलं होतं. "फौजदारसाब, हिसाब में मोहब्बत नक्को." आजोबा फौजदार कधीच झाले नाहीत, हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. चाचा त्यांना खूश ठेवायला म्हणत की टोचायला, ते मला अजून सांगता यायचं नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. रझाकारांच्या दिवसांत आमच्या घरानं काय सोसलं आणि पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत चाचांच्या घरानं काय सोसलं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर ते एकमेकांसमोर कधी बोलले नाहीत. फुटबॉलवर मात्र तासन्‌तास बोलत. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लईक ही खेळाडूंची नावं मी त्या दुकानात, शिवणयंत्राच्या खडखडाटात ऐकली.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. तेलंगण आंध्रात, कानडी मुलूख म्हैसूरकडं, आणि मराठवाडा मुंबई राज्यात. आजोबा सांगत, कचेऱ्यांत वाटणी झाली: माणसं, फायली, खुर्च्या. परभणीच्या वाट्याला आजोबा आले. टीम वाटणीत नव्हती. याच महिन्यात रहीमसाहेब भारताचा संघ घेऊन मेलबर्नला ऑलिंपिकला गेले होते. तिथं मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, भारत ४–२ नं जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. इकडं आजोबा पेटी घेऊन परभणीच्या फलाटावर उतरत होते.

पुढच्या वर्षी कुठल्याशा कामानं त्यांना मुंबईला धाडलं. रोव्हर्स चालू होता. ते साध्या कपड्यांत कूपरेजच्या मैदानावर गेले. सिटी पोलीसची टीम उतरली आणि हे कोकलायला लागले. शेजारच्या गिरणीवाल्यानं विचारलं, "कुठले हो तुम्ही?" म्हणाले, "परभणीचा." तो म्हणाला, "मग हैदराबादसाठी काहून घसा फोडता? परभणी तर आमच्यात आली ना?" (गिरणीवाला 'काहून' म्हणाला असेल असं वाटत नाही, पण गोष्ट आजोबांची आहे.) यावर आजोबांचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. "मी आलो. टीम नाही आली."

१९५७ चा तो रोव्हर्स हैदराबादनंच जिंकला. ड्युरंडही.

मग टीमचं नाव बदलून आंध्र प्रदेश पोलीस झालं. चाचांच्या वहीत मात्र जुनंच नाव राहिलं. तुळसीदास बलरामसारखा हिरा कोलकात्यात ईस्ट बंगालला गेला. तिथं फुटबॉलला जी गर्दी आणि जी किंमत होती, ती पोलिसाच्या पगारात कुठून येणार? तरी १९६१ चा ड्युरंड आला, १९६२ चा रोव्हर्स ईस्ट बंगालबरोबर वाटून घेतला. १९६२ च्या सप्टेंबरात जकार्ताला रहीमसाहेबांच्या भारतीय संघानं दक्षिण कोरियाला २–१ हरवून आशियाई सुवर्णपदक आणलं. साहेबांना तेव्हा कॅन्सर होता. ११ जून १९६३ ला ते गेले. त्या वर्षीचा रोव्हर्स टीमनं त्यांच्यामाघारी जिंकला, आणि वहीतली ती शेवटची जिंकलेली ओळ. पुढं एकदम काही मोडलं नाही. गुरू नाही, चांगली पोरं दुसरीकडं, आणि खात्याला खेळापेक्षा बंदोबस्त मोठा. मोठ्या स्पर्धांतून नाव मागं पडत गेलं, इतकंच. आणि रोव्हर्स कप? तोही २०००–०१ नंतर झाला नाही.

चिंधीचा नियम मी आजोबांची लहर समजत होतो. फार नंतर रहीमसाहेबांवरचं जुनं लिखाण वाचताना कळलं की ते हैदराबादेत खरोखरच कमजोर पायाच्या स्पर्धा घ्यायचे. तयार पायानं मारायची बंदी. ड्रिबलिंगवर बंदी असलेल्या स्पर्धाही घ्यायचे, म्हणजे पास द्यायची सवय लागावी. सहा रोव्हर्सची बढाई खोटी निघाली, आणि जी गोष्ट मी थाप म्हणून सोडून दिली होती ती खरी निघाली. २०२४ साली रहीमसाहेबांवर 'मैदान' चित्रपट आला, तेव्हा मी थिएटरात उजवा पाय हलवत बसलो होतो, असं बायको सांगते.

चाचांची वही त्यांच्या नातवाकडं आहे. शिलाईचं दुकान आता मोबाईलचं झालंय, वही गल्ल्याखालच्या खणात. मागच्या दिवाळीत त्यानं ती काढून दाखवली. उर्दू त्यालाही येत नाही, मलाही नाही. दोघांनी मिळून बदामासारखा पाच तेवढा ओळखला.

परभणी, नांदेड, बीड, औरंगाबादेत ज्यांचे आजे-पणजे हैदराबादच्या पोलिसात होते, त्यांच्या पेट्यांत टीमचा एखादा फोटो, एखादं कात्रण पडलेलं असणारच. पेटी विकायची तर विका. कागद रद्दीत घालण्याआधी उर्दू वाचणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा.