ऊन मोजणारी बाई

उन्हाळ्यात आपण कुरडया वाळत घालतो आणि जाऊबाईंनी विचारलं तर सांगतो, "अजून दोन उन्हं दाखवायला हवीत." म्हणजे ऊन आपण मोजतोच, अंदाजानं. पण देशभराचं ऊन यंत्रानं मोजून ठेवलं, त्या कामामागे एक बाई होती. नाव अन्ना मणी. नावावरून कुणाला 'अण्णा' वाटेल, पण बाईच बरं का.

जन्म १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. सुखवस्तू घर. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या आणल्या, कारण मुलींना तेच द्यायची रीत. पोरीनं कुड्या नाकारल्या आणि मोठा ज्ञानकोश मागितला.

पुढे हिरे तिच्या हाती आलेच. मद्रासला पदवी घेऊन अन्नाबाई बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. (याच रामन यांनी १९३३ साली आपल्या कमला सोहोनींना आधी प्रवेश नाकारला होता.) तिथं तीसहून जास्त हिरे त्यांनी तपासले. हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो स्वतः मंद उजळतो. तो उजेड इतका फिका, की फोटोच्या काचेवर उमटायला पंधरा-वीस तास लागत. अन्नाबाई रात्र रात्र तिथंच काम करत.

१९४५ पर्यंत त्यांचे पाच निबंध एकटीच्या नावावर छापून आले. पीएच.डी.साठी प्रबंध दिला, तर मद्रास विद्यापीठानं हरकत काढली: एम.एस्सी. कुठंय? काम बघितलं कुणी नाही, कागद बघितला. पदवी मिळाली नाही ती नाहीच.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, पण जागा होती ती हवामानाच्या यंत्रांची. तेच शिकल्या. १९४८ साली परतून पुण्याच्या हवामान खात्यात लागल्या. तेव्हा साधी यंत्रंसुद्धा परदेशातून यायची. अन्नाबाईंनी शंभरेक यंत्रांचे नकाशे पक्के करून ती इथंच बनवायला लावली.

मग ऊन. १९५७-५८ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीची पाहणी केली. त्या वेळी अन्नाबाईंनी देशात ठिकठिकाणी ऊन मोजायची केंद्रं उभी केली. यंत्राची युक्ती आपल्याला लगेच कळेल. काळा तवा उन्हात जास्त तापतो ना? तशीच काळी चकती काचेच्या घुमटाखाली ठेवायची. ती तापली की जोडलेल्या तारांत जराशी वीज निर्माण होते. वीज जास्त, तर ऊन जास्त. हे रोज, वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं. कंटाळवाणंच काम. पण एक यंत्र चुकलं तर पुढची सगळी वही चुकणार, म्हणून त्या यंत्रांच्या अचूकपणाबद्दल फार कडक होत्या.

१९७६ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९८० साली त्या आकड्यांचं जाडजूड पुस्तक आलं. कुठल्या गावी कुठल्या महिन्यात किती ऊन पडतं, याचा हिशेब त्यात आहे. सौर पंप किंवा छतावरचं सौर पॅनल किती मोठं लागेल, हे ठरवायला असाच हिशेब लागतो.

अन्नाबाई २००१ साली वारल्या. पदवी न मिळालेला तो प्रबंध बंगळुरूला रामन संस्थेच्या ग्रंथालयात, पदवी मिळालेल्या इतरांच्या प्रबंधांशेजारी, तशीच बांधणी करून ठेवलेला आहे.