चौदावा वॉल्ट्झ

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ बेझाँसाँ नावाचे शहर आहे. तिथे १९४८ पासून सप्टेंबरात संगीत महोत्सव भरतो. या महोत्सवात १६ सप्टेंबर १९५० रोजी दिनू लिपाती या रुमानियन पियानोवादकाचे एकल वादन झाले. त्याचे वय ३३ होते आणि त्याला लसीकाग्रंथींचा कर्करोग झालेला होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २ डिसेंबरला, तो गेला.

पाश्चात्य संगीताच्या रसिकांत या कार्यक्रमाची कथा आपल्या संतचरित्रांतल्या निर्याणाच्या अध्यायासारखी सांगितली जाते. डॉक्टर नको म्हणत असताना, दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून तो गेला. शेवटी शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवायचे होते. तेरा झाले आणि बोटांतले बळ सरले. मग थोड्या वेळाने तो परत आला आणि बाखचे एक भक्तिगीत वाजवून त्याने निरोप घेतला. कथा हृद्य आहे. पण गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे आपण लिपातीचे वादन ऐकतो की ही कथा ऐकतो, असा प्रश्न मला पडतो.

आधी हा माणूस कोण ते पाहू. जन्म १९१७, बुखारेस्ट. थोर संगीतकार जॉर्ज एनेस्कू त्याचा धर्मपिता. १९३३ साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले, तेव्हा परीक्षक आल्फ्रेड कोर्तो यांनी निषेध म्हणून परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला आणि मुलाला पॅरिसला बोलावून घेतले. तिथे नादिया बुलांझे, पॉल द्यूका असे गुरू लाभले. महायुद्धात, १९४३ मध्ये, रुमानिया सोडून तो जिनिव्हाला आला आणि तिथल्या संगीतशाळेत शिकवू लागला. आजार तेव्हापासूनच मागे लागला होता.

१९५० च्या उन्हाळ्यात त्याला कॉर्टिझोन मिळाले. हे औषध तेव्हा इतके नवे होते, की त्यामागच्या संशोधनाचे नोबेल त्याच वर्षी जाहीर झाले. औषधाने रोग हटला नाही, पण काही आठवडे अंगात ताकद आली. ती संधी साधून वॉल्टर लेग हा ध्वनिमुद्रण-निर्माता जुलैमध्ये जिनिव्हात येऊन थांबला. बाखची पहिली पार्तिता, मोझार्टचा ए मायनर सोनाटा आणि शोपँचे चौदाही वॉल्ट्झ तेव्हा मुद्रित झाले. २३ ऑगस्टला ल्यूसर्नमध्ये कारायानच्या संचालनाखाली त्याने मोझार्टचा कॉन्चेर्टोही वाजवला. म्हणजे बेझाँसाँला तो रोगशय्येवरून थेट उठून आला, हे चित्र पुरते खरे नाही. त्या उन्हाळ्यात तो कामात बुडालेला होता.

फ्रेंच रेडिओने तो कार्यक्रम मुद्रित केला, म्हणून आज तो आपल्याला ऐकता येतो. सुरुवातीला बाखची पार्तिता आहे. पण तिच्याआधी लिपाती त्याच स्वरावलीत सुट्या स्वरांचे दोन-चार झेले वाजवून पाहतो. मैफलीआधी गवयाने षड्ज लावावा, तसे. एकोणिसाव्या शतकात पियानोवादक सर्रास असे करत. १९५० मध्ये ही रीत मागे पडत चालली होती. स्टुडिओतल्या तबकडीत हे कधी राहिले नसते. पुढे पार्तितेच्या अखेरच्या नृत्यात हातांवरून हात फिरवावे लागतात, तिथेही माझ्या कानाला कुठे थकवा लागत नाही. मोझार्ट तर चांगलाच करारी वाजला आहे.

निरोप ऐकायचाच असे ठरवून बसलो, तर तो कुठेही ऐकू येतो. याचा पुरावा लिपातीच्याच नावावर आहे. १९६० च्या दशकात शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोची एक तबकडी त्याची म्हणून बाजारात आली. लोकांनी ती त्याची म्हणूनच ऐकली, वाखाणली. १९८१ मध्ये उलगडा झाला, की वादन हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश बाईंचे होते. १९४९ च्या वॉर्सा शोपँ स्पर्धेचे पहिले बक्षीस त्यांना विभागून मिळालेले. म्हणजे वादन उत्तमच. पण दीड दशक त्यांच्या कर्तबगारीचे श्रेय दुसऱ्याच्या अकाली मृत्यूला मिळत राहिले. याची खंत फार कोणी केलेली मला आढळली नाही.

अखेरचे बाखचे भक्तिगीत वाजवल्याचे सांगतात, ते रेडिओच्या मुद्रणात नाही. मायरा हेसने पियानोसाठी बसवलेली ती रचना लिपातीने आधी स्टुडिओत मुद्रित केली होती, आणि बहुतेकांच्या मनात तेच सूर वाजत असतात.

बेझाँसाँचे मोल मला दिसते ते मध्ये वाजवलेल्या शुबर्टमध्ये. ओपस ९० मधले दोन इम्प्रॉम्प्तू, जी फ्लॅट आणि ई फ्लॅट. शुबर्ट त्याने स्टुडिओत कधी मुद्रित केला नाही. १६ सप्टेंबरला तो घरी राहिला असता, तर ती जी फ्लॅटमधली लांब, संथ ओळ तो कशी धरून ठेवत असे, हे आपल्याला कळलेच नसते.

आणि राहून गेलेला तो वॉल्ट्झ, ए फ्लॅट मेजरमधला, ओपस ३४ क्रमांक १? तो जुलैतल्या तबकडीवर आहे. जेमतेम पाच मिनिटांचा, अगदी आनंदी.