मोडी, उर्दू आणि हत्तीच्या पोटातली टिपणं

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. घरच्या मंडळींनी तो फोनवर तीन-चार वेळा ऐकलाय, त्यांनी पहिला परिच्छेद सोडून दिला तरी चालेल :)

मी गेली कित्येक वर्षं माझी सगळी टिपणं एव्हरनोटमध्ये ठेवत आलोय. तोच तो हिरवा हत्ती. किराणाच्या याद्या, वाचलेल्या पुस्तकांवरचे चार शब्द, मोसंबीच्या बागेची औषधं, विम्याच्या तारखा... आकडा ४ हजारांच्या पुढे गेलाय. त्यातली बहुतेक उद्या नाहीशी झाली तरी मी जेवल्याशिवाय राहणार नाही. पण त्यात एक ३०० टिपणांची वही आहे. अंबडच्या घरातल्या पेटीतले जुने मोडी कागद थोरल्या काकांनी वाचून दाखवले आणि मी शेजारी बसून ते टंकले, ती ही वही. काका २०१९ मध्ये गेले. कागद अजून पेटीत आहेत, पण घरात ते वाचणारं आता कोणी नाही. म्हणजे वाचन जे काही आहे ते फक्त हत्तीच्या पोटात.

आता या हत्तीचं काय चाललंय ते थोडक्यात सांगतो. एव्हरनोट लोकांसाठी खुलं झालं २००८ मध्ये. त्याचे तेव्हाचे प्रमुख फिल लिबिन म्हणायचे की आम्हाला शंभर वर्षं टिकणारी कंपनी करायची आहे. २०११ मध्ये कंपनीने तीन नियमही जाहीर केले : माहिती तुमची आहे, ती सुरक्षित राहील आणि ती बाहेर नेता येईल. पुढे लिबिन गेले, इतर प्रमुख आले नि गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या मिलान शहरातली बेंडिंग स्पून्स ही कंपनी एव्हरनोट विकत घेणार असल्याचं जाहीर झालं. २०२३ च्या जुलैत अमेरिका आणि चिलीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला आणि काम युरोपात गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात फुकट खात्याला मर्यादा आली : ५० टिपणं आणि १ वही. आधी ही मर्यादा १ लाख टिपणांची होती! ज्यांची टिपणं जास्त होती त्यांना ती बघता येतात, बाहेर काढता येतात, फक्त नवीन लिहिता येत नाही. वर्गणीही वाढली. दुकान चालवायला पैसे लागतात, त्यात मला गैर वाटत नाही. उलट नव्या मालकांनी अ‍ॅपमध्ये बरीच दुरुस्ती केलीय हेही खरं. पण शंभर वर्षांची भाषा ऐकून ज्यांनी कागद आत टाकले, त्यांच्या मनात पाल चुकचुकणारच.

तर, राहायचं की निघायचं?

याचा विचार करताना मला सारखं वाटत राहिलं की आम्हा जालन्याच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या भागाने लिहिण्याची 'सोय' दोन-तीनदा बदलली आहे, आणि दर वेळी मागे काय राहिलं याचा हिशेब अजून चालूच आहे.

मोडीचंच घ्या. ती यादवांच्या काळात हेमाद्रीने सुरू केली असं परंपरा सांगते. ते खरं असो नसो, देवगिरी इथून जेमतेम ७०-७५ किलोमीटर, म्हणजे घरचीच गोष्ट. मोडी ही कारकुनाची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता, तिच्याखाली अक्षरं गुंफत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्दाशब्दांत धड जागाही नाही. लिहायला झरझर. वाचायला मात्र लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा लागतो. काका म्हणायचे, मोडी वाचायची नसते, अंदाज करत जायचं असतं आणि चुकलं की मागे यायचं.

मग छापखाना आला. विल्यम केरीने १८१० मध्ये मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत. पण जोडून लिहायची लिपी सुट्या खिळ्यांत बसवणं अवघडच. छापील मराठी हळूहळू बाळबोध, म्हणजे देवनागरी झाली आणि मोडी दप्तरापुरती उरली. १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारातूनही मोडी काढून बाळबोध आणायचं ठरवलं.

आमच्याकडे मात्र तेव्हा निजाम! वरच्या कचेरीत आधी फारसी आणि १८८४ च्या सुमारास तिच्या जागी उर्दू. खाली गावात कुलकर्णी-पटवाऱ्याचा हात मोडीतच वळलेला. सनही वेगळा, फसली. त्यात ५९० मिळवले की साधारण इंग्रजी सन येतो. महिने आजूर, दै, बहमन असे. आमच्या पेटीत एक कागद आहे, त्यावर वर उर्दू शेरा, मध्ये मोडी मजकूर आणि कडेला कुणीतरी नंतर पेन्सिलीने लिहिलेलं देवनागरी. एका कागदावर तीन राज्यं. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मराठी कारभाराची भाषा झाली, ती देवनागरीत. (आणि जालना जिल्हा झाला तो तर १ मे १९८१ ला. त्याआधीचे आमचे कागद औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाचे, परतूरकरांचे परभणीच्या. शोधायला निघालं की हेही लक्षात ठेवावं लागतं.)

मोडी सोडण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. शाळेत जाणाऱ्या पोराला दोन लिप्यांचं ओझं कशाला? घोटाळा निराळा होता. नवीन लिहिणं नव्या लिपीत सुरू झालं आणि जुनं लिहिलेलं तसंच रुमालात बांधलेलं राहिलं. वाचणारे होते, तेव्हा ते उतरवून घ्यायची कुणाला घाई नव्हती. घाई झाली तेव्हा वाचणारे संपत आले होते.

याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण झालं. सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर घरातच तीन पक्ष आहेत. पण कागदांच्या बाजूने बघा. तहसिलीतले, शाळांतले, भूमी अभिलेखातले गठ्ठे सुटले, आणि त्यातलं बरंचसं मोडीत नाहीतर उर्दूत! पहिला अहवाल आला तेव्हा सरकारने सांगितलेला आकडा होता १ कोटी ७२ लाख कागद तपासल्याचा, आणि त्यात सापडलेल्या नोंदी ११,५३०. मोडी वाचकांना एकदम भाव आला. ज्या शब्दासाठी माणसं पणजोबांचं नाव घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती, तो शब्द समोर कागदावर होता आणि वाचता येत नव्हता. कागद हरवण्यापेक्षा हे जास्त जिवाला लागतं, असं मला वाटतं.

आपण संगणकवाले तरी काय वेगळे? युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी टंकत होतो ते ज्याच्या-त्याच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. त्या काळातल्या माझ्या काही फाइली आजही चिवडाच आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, म्हणजे तिचं रोजचं लिहिणं थांबून कित्येक वर्षं झाल्यावर. असो.

आता खरा सल्लागार. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लिहिण्याच्या क्रियेवर आहे. लहानपणी तो मला नुसता सुलेखनाचा धडा वाटायचा. परवा पुन्हा वाचला, तर हा गृहस्थ चक्क साठवणुकीबद्दल बोलतोय! पानाच्या चारही बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहा. तेही बाळबोध, सुटं, कुणालाही वाचता येईल असं. झरझर लिहिण्याचं कौतुक त्यात नाही. बरू, शाई, बांधणी, वर गुंडाळायचं कापड, सगळ्याचा विचार आहे. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आजही आहे, म्हणजे नुसता उपदेश नव्हता.

मग मी बसून बघितलं, हत्तीच्या पोटातून काय बाहेर येतं. त्याची स्वतःची एक निर्यात फाइल असते. ती जॉप्लिन आणि ऑब्सिडियन या दोन्हींना घेता येते. मजकूर येतो, तारीख येते, खुणेचे शब्द येतात, चित्रं येतात. एका टिपणातून दुसऱ्या टिपणाकडे जाणारे दुवे मात्र तुटतात, आणि कुठलं टिपण कुठल्या वहीत होतं ते त्या फाइलीत नसतं, त्यामुळे एकेक वही वेगळी काढावी लागते. माझ्या ३०० मध्ये दुवे पुष्कळ आहेत. 'हाच मोरोपंत त्या कागदातही आहे' असं काका सांगायचे आणि मी दुवा जोडायचो. ते आता हाताने, शब्दांत लिहून काढावं लागेल. महिनाभराचं काम आहे.

भोकरदनच्या आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग सरळ एक वही का नाही करत?" हसलो, पण रात्री विचार केल्यावर पटलं.

तर ठरलं ते असं. ४ हजारांचं स्थलांतर वगैरे काही करणार नाही. ते राहू देत तिथेच, वर्गणी संपेल तेव्हा बघू. ती ३०० मात्र बाहेर काढतोय. साध्या मजकुराच्या फाइली, प्रत्येक कागदाची एक. वर फसली सन आणि इंग्रजी सन दोन्ही, काकांना जिथे शंका होती तिथे प्रश्नचिन्ह तसंच ठेवलेलं, शेजारी कागदाचा फोटो. एक प्रत माझ्याकडे, एक पुण्याच्या चुलतभावाकडे. आणि एक छापून, मोठ्या अक्षरात, चारही बाजूंना समास सोडून, बांधून आत्याकडे. पहिले ४२ कागद झालेत.

नातेवाइकांना एक विनंती. तुमच्याकडे कुठे माळ्यावर, देवघरामागे असे कागद असतील तर फोटो पाठवा, आणि मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही काढा. उर्दू शेरे बहुतेक तिथेच असतात. उर्दू वाचणारे एक निवृत्त शिक्षक जालन्यात भेटलेत, वय ८१. शनिवारी सकाळी बसायला तयार आहेत, तेव्हा जरा लवकर पाठवा.