एड्सच्या इतिहासात मेंदू उशिरा आला

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सचा लिखित इतिहास इथून सुरू होतो. आरंभीची काही वर्षे तो मुख्यतः फुप्फुसांचा आणि त्वचेचा इतिहास होता.

वास्तविक रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच होते. बोलताना धागा सुटे, वाचलेले ध्यानात राहत नसे, अक्षर बिघडे, चाल अडखळे. पुढे माणूस अबोल होई. अनेकदा हे नैराश्य मानले गेले. मृत्यू समोर दिसणाऱ्या तिशीतल्या माणसाने खचावे, यात नवल ते काय? काहींनी सायटोमेगालोव्हायरस या दुसऱ्याच विषाणूला दोषी धरले.

१९८५ मध्ये रुग्णांच्या मेंदूत खुद्द एड्सचाच विषाणू सापडला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग येथील ब्रॅडफर्ड नाव्हिया, रिचर्ड प्राइस आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदन झालेल्या ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४६ जणांना वाढत जाणारा स्मृतिभ्रंश जडला होता.

कोडे मात्र वेगळेच होते. मरत होत्या चेतापेशी, पण विषाणू त्यांच्यात जवळजवळ आढळतच नव्हता. तो रक्तातील मोनोसाइट पेशींत दडून मेंदूची तटबंदी ओलांडतो आणि आतल्या मॅक्रोफेज व मायक्रोग्लिया या रक्षक पेशींत ठाण मांडतो. गडाचे पहारेकरीच फितूर व्हावेत, तसा हा प्रकार. या पेशींतून पाझरणारी विषाणूची प्रथिने आणि दाह वाढवणारी रसायने शेजारच्या चेतापेशींना मारक ठरतात. हानी प्रामुख्याने मेंदूच्या खोल भागांत होत असल्याने आधी विचार आणि हालचाली मंदावतात. अल्झायमरचा क्रम निराळा.

या शोधाला एक काळी बाजू होती. ४६ जणांचा तो आकडा आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचा होता. भीती मात्र प्रत्येक बाधिताभोवती पसरली. निरोगी दिसणाऱ्या बाधितांची बुद्धीही भरवशाची नाही, म्हणून वैमानिकांसारख्या जबाबदारीच्या पदांसाठी रक्तचाचणी सक्तीची करावी, असा सूर निघाला. मार्च १९८८ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी पुरावे तपासले आणि लक्षणे नसलेल्या बाधितांच्या बाबतीत अशा चाचणीला आधार नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. कित्येकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न त्यात गुंतलेला होता.

१९९६ नंतर संयुक्त औषधोपचार आले आणि तीव्र स्मृतिभ्रंश झपाट्याने घटला. सौम्य विस्मरण आणि मंदपणा मात्र औषधे नियमित घेणाऱ्या काही रुग्णांतही आजवर आढळतो.