परक्या कानांचं पाप हेडफोनच्या माथी

हेडफोनवर सराउंड साउंड म्हणजे निव्वळ थाप, यावर ध्वनीच्या शौकिनांत जवळपास एकमत आहे. असं म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांचा कान तयार आहे, दिवाणखान्यात बरे स्पीकर आहेत, आणि गेमिंग हेडसेटच्या खोक्यावरचा '७.१' हा आकडा वाचून त्यांनी एकदा तरी पैसे घालवलेले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'एट-डी' गाणीही त्यांच्यापर्यंत पोचलीच आहेत, 'डोळे मिटा, हेडफोन लावा' या आज्ञेसकट. त्यांत गायिका डोक्याभोवती गरागरा फिरते आणि सगळं गाणं घुमतं, एवढंच काय ते घडतं. इतका कटू अनुभव गाठीशी असल्यावर हे सगळंच थोतांड ठरवणं साहजिक आहे. साहजिक आहे, पण बरोबर नाही.

पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्यात वजन आहे. पहिलं म्हणणं असं की हेडफोनमध्ये दोनच ड्रायव्हर असतात. दोनांतून सात किंवा अकरा स्पीकर कुठून निघणार? दुसरं, हेडफोनचा आवाज डोक्याच्या आतच वाजतो. गाणारा दोन कानांच्या मधोमध कवटीत बसलेला असतो आणि ही हेडफोनची जातच आहे. तिसरं म्हणणं सोवळ्यातलं: मूळ ध्वनिमुद्रणावर कसलीही प्रक्रिया करणं म्हणजे भेसळ, आणि हेडफोनवर ते जसंच्या तसं ऐकणं हेच प्रामाणिक ऐकणं.

पहिल्या आक्षेपात गणिताचीच गफलत आहे. खोलीत सात स्पीकर असोत की सत्तर, त्यांचा आवाज पोचतो तो दोनच पडद्यांवर. डाव्या आणि उजव्या कानाच्या पडद्यावर हवेचा दाब क्षणोक्षणी कसा बदलतो, एवढीच सामग्री मेंदूला कानाकडून मिळते. दिशा आणि अंतर हे सगळं तो त्यातूनच काढतो. तोच दाब, तशाच क्रमाने, त्याच दोन पडद्यांवर दुसऱ्या एखाद्या मार्गाने उभा केला, तर तो कुठल्या यंत्रातून आला हे ओळखण्याचं साधन कानापाशी नाही. म्हणून प्रश्न ड्रायव्हर किती हा नाही. तो दाब नेमका कसा असतो हे आपल्याला मोजता येतं का, हा आहे.

त्याचा बराचसा उलगडा जुनाच आहे. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये दाखवलं की खालच्या स्वरांची दिशा आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो आणि वरच्या स्वरांची तीव्रतेच्या फरकावरून, कारण डोक्याची सावली वरच्या स्वरांवर जास्त पडते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; अगदी बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मेंदू या चिमुकल्या फरकाचेही बारीक तुकडे करतो. पण या दोन खुणांनी डावं-उजवं कळतं, पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं नाही. नाकासमोरचा आवाज आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांवर सारख्याच वेळी, सारख्याच जोराने येतात. तिथे बाह्यकर्णाच्या घड्या कामाला येतात. कानाच्या वाटीत आणि कडांवर आपटून आलेला ध्वनी थेट आलेल्या ध्वनीत मिसळतो. काही स्वर उठावतात, काही दबतात. साधारण ६ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अशा खोल खाचा पडतात आणि आवाज वर सरकला की खाचही वर सरकते. मेंदूला या खाचा पाठ असतात. मात्र त्याला पाठ असतात त्या त्याच्याच कानांच्या.

डोकं, खांदे आणि कान मिळून येणाऱ्या ध्वनीवर दिशेनुसार जो संस्कार करतात त्याला या विषयात एचआरटीएफ म्हणतात. तो मोजता येतो. वाइटमन आणि किस्लर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये प्रत्येक माणसाच्या कर्णनलिकेत पडद्याजवळ बारीक नळीचा मायक्रोफोन ठेवून निरनिराळ्या दिशांचे हे संस्कार नोंदले आणि हेडफोनवर परत वाजवले. माणसांनी दाखवलेल्या दिशा खऱ्या स्पीकरच्या वेळी दाखवलेल्या दिशांशी बव्हंशी जुळल्या. पुढे-मागेची गल्लत काहीशी वाढली, तेवढीच. पुढे १९९६ मध्ये हार्टमन आणि विटेनबर्ग यांनी आवाज डोक्याबाहेर केव्हा जातो हाच प्रश्न हाती घेतला. संश्लेषण पुरेसं काटेकोर असेल तर समोरचा स्पीकर वाजतोय की हेडफोन, हे ऐकणाऱ्याला सांगता येईना. 'हेडफोनचा आवाज डोक्यातच वाजतो, ती त्याची जात आहे' हा दुसरा आक्षेप तिथेच निकालात निघाला. डोक्यातला आवाज हा हेडफोनचा स्वभाव नव्हे. कानाला ज्या खुणांची सवय आहे त्या गाळून ध्वनी थेट आत सोडल्याचा तो परिणाम आहे.

मग बाजारातले 'व्हर्च्युअल सराउंड' इतके फसवे का? कारण त्यांतले कान तुमचे नाहीत. बहुतेकांच्या मुळाशी एखाद्या पुतळ्याचं किंवा सरासरी डोक्याचं मापन असतं. 'केमार' नावाचा पुतळा नोल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९७० च्या दशकात मुख्यतः श्रवणयंत्रांच्या चाचण्यांसाठी घडवला. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९४ मध्ये त्याच्या कानांतून झालेलं मापन सर्वांना खुलं केलं गेलं आणि कित्येक वर्षं जगभर वापरलं गेलं. पुतळा उत्तम आहे, मापनही उत्तम आहे. पण शेजारणीच्या मापाचा ब्लाउज घालायचा आणि शिवणकाम ही कलाच खोटी म्हणायची, यातला प्रकार आहे हा. वेन्झेल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सोळा नवख्या श्रोत्यांना परक्या कानांचे संस्कार ऐकवले. डावं-उजवं बहुतेकांना ठीक कळलं. पुढे-मागे आणि वर-खाली यांत मात्र गोंधळ वाढला. हेडफोनवर नाभिकाच्या दुकानात बसल्याचा भास देणारं ते गाजलेलं ध्वनिमुद्रण ऐकलेल्यांनी आपला अनुभव आठवून पाहावा: कात्री कानामागे अगदी अंगावर शहारा आणणारी वाजते, पण समोर उभं राहून कोणी बोलत असल्याचा भास काही केल्या होत नाही. समोरची दिशा ही सर्वांत अवघड. तिथे वेळेचा आणि तीव्रतेचा फरक हात वर करतो आणि सगळी भिस्त त्या खाचांवर येते.

इथे प्रतिपक्षाला एक चांगला मुद्दा सापडू शकतो आणि तो टाळून चालणार नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये चार प्रौढांच्या कानांच्या वाट्यांत साचे बसवून कानांचा आकारच बदलला. आवाज किती उंचीवरून येतो हे त्यांना ताबडतोब कळेनासं झालं, डावं-उजवं शाबूत राहिलं. आणि काही आठवड्यांत उंचीही पुन्हा कळू लागली. साचे काढल्यावर जुने कान लगेच परत लागू झाले. मग परके कानही सवयीने चालतील की! चालतील, पण ती माणसं साचे लावून आपलं रोजचं आयुष्य जगत होती. दार वाजलं की दाराकडे पाहत होती, हाक आली की वळत होती, डोळे कानांची चूक क्षणोक्षणी दुरुस्त करत होते. शनिवारी रात्री दोन तास सिनेमा पाहून ही शिकवणी होत नाही.

स्वतःचं मापन करून घेणं हा त्यावरचा सरळ उपाय. उत्तर आयर्लंडमधल्या स्माइथ रिसर्च या छोट्या कंपनीने 'रिअलायझर' नावाच्या यंत्रातून तो घरगुती ग्राहकापर्यंत आणला. ॲप्टएक्स आणि डीटीएस या ध्वनिसंक्षेपाच्या पद्धतींमागे ज्यांचं काम आहे, त्याच स्टीफन स्माइथ यांची ही कंपनी. आता याच तत्त्वावरची फुकट संगणकप्रणालीही मिळते. मापनाची रीत पाहण्यासारखी आहे. काही मिलिमीटर व्यासाचे दोन मायक्रोफोन फोमच्या बोळ्यांत बसवून कर्णनलिकेच्या तोंडाशी खोवतात. माणूस आपल्या नेहमीच्या जागी बसतो. पंखा बंद, एसी बंद, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्याची खात्री. मग एकेका स्पीकरातून एक लांब शीळ निघते: ऐकू येईल न येईल अशा खर्जातून सुरू होऊन कानाला टोचणाऱ्या टिपेपर्यंत चढत जाणारी. पार्माचे आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेली ही शिळेची पद्धत स्पीकरची विकृती खोलीच्या प्रतिसादातून वेगळी काढून देते. रिअलायझरमध्ये हे मान सरळ ठेवून, डावीकडे वळवून आणि उजवीकडे वळवून असं तीनदा करतात. शेवटी मायक्रोफोन जागचे न हलवता त्यांच्यावरच हेडफोन चढवायचा आणि तीच शीळ हेडफोनमधून सोडायची. या अखेरच्या पायरीत खरी खुबी आहे. दोन्ही मोजण्या त्याच मायक्रोफोनने, त्याच जागी झालेल्या. एक दुसरीने भागली की हेडफोनचा रंग जातोच, मायक्रोफोनचे स्वतःचे दोषही आपसूक कटतात. म्हणून साधे, स्वस्त मायक्रोफोनही इथे पुरतात.

यानंतर पहिल्यांदा आवाज सोडला की बहुतेक माणसं हेडफोन कानावरून उचलून पाहतात. स्पीकर चालूच राहिला की काय, अशी शंका येते.

आता तिसरा, सोवळ्यातला आक्षेप. मला तोच सर्वांत कच्चा वाटतो. स्टीरिओ गाण्याचं मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या स्पीकरवर झालं आहे, श्रोत्याच्या डाव्या-उजव्या हाताला प्रत्येकी सुमारे ३० अंशांवर ठेवलेल्या दोन स्पीकरवर. तिथे डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही जातो, सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद होऊन. ध्वनिमुद्रकाने वाद्यं कुठे बसवायची ते हे ऐकून ठरवलं. हेडफोनवर हा पलीकडे जाणारा आवाज कापला जातो. डावीकडे टाकलेला तबला उजव्या कानाला मुळीच ऐकू येत नाही, आणि असं निसर्गात कधी घडत नाही. बेंजामिन बॉअर यांनी १९६१ मध्येच हे ओळखून दोन बाजू थोड्या एकमेकींत मिसळणारं सर्किट सुचवलं होतं. तेव्हा हेडफोनवर 'जसंच्या तसं' ऐकणारा मूळ कृती ऐकत नसतो. तिच्यातून खोली आणि अर्धे रस्ते वजा करून उरलेलं ऐकत असतो. भेसळ तिथेच झालेली आहे. हेडफोनसाठीच बेतलेली गाणी आणि पुतळ्याच्या कानांतून घेतलेली मुद्रणं याला अपवाद; त्यांना हात लावू नये.

एवढं मांडल्यावर आपल्या बाजूच्या उत्साही मंडळींचेही कान टोचायला हवेत. कानांचा आकार मोजला की झालं, ही समजूत हल्ली पसरते आहे. सोनी कानांचे फोटो मागते, ॲपलने २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्याने डोकं आणि कान टिपायची सोय दिली. चांगलं आहे. पण कानाची घडण दिशा सांगते; आवाज डोक्याबाहेर आणि दूर नेऊन ठेवते ती मुख्यतः खोली, भिंतींवरून परतणाऱ्या लहरी. जर्मनीतल्या इल्मेनाऊच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं की एका खोलीत केलेलं मापन अगदी वेगळ्या घुमाऱ्याच्या खोलीत बसून ऐकलं, तर आवाजाचं बाहेर असणं ढेपाळतं. 'एट-डी' गाणी घुमतात म्हणून खटकत नाहीत, घुमणं तर आपल्या बैठकीच्या खोलीतही असतं. ती खटकतात कारण तो घुमारा कुठल्याच भिंतींचा नसतो. उलट, कानांच्या आलेखातला प्रत्येक बारीक खड्डा जपण्याचा अट्टहासही नको. कुलकर्णी आणि कोलबर्न यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हे आलेख बरेच गुळगुळीत केले तरी ऐकणाऱ्याला फरक लागत नाही.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट मानेची. पुढचं-मागचं ओळखायला आपण नकळत मान हलवतो. वॉलक यांनी १९४० मध्येच हे मांडलं होतं. मान वळल्यावर आवाजही डोक्याबरोबर वळला, तर मेंदू त्याला पुन्हा डोक्यात ढकलतो. म्हणून हेडफोनवर मानेची हालचाल टिपणारं साधन असणं ही चैन नाही. अचूक कान आणि स्थिर मान, की सुमार कान आणि हलती मान, अशी निवड करायची वेळ आलीच तर समोरच्या दिशेसाठी मी दुसरी घेईन.

हेडफोनवर जे खरंच येत नाही ते छातीवर आदळणारा खर्ज. त्याचा काही भाग कानांचा नाहीच, अंगाचा आहे. त्यासाठी खुर्चीखाली कंपक लावावा लागतो. मापनही त्या एका हेडफोनपुरतं खरं. तो काढून पुन्हा घातला की सर्वांत वरच्या स्वरांत थोडं इकडे-तिकडे होतंच. आणि मुळात मोजायला चांगले स्पीकर बसवलेली खोली लागते, निदान तासाभरासाठी. कुणाकडे एकच स्पीकर असेल तर फिरत्या खुर्चीत वळत-वळत सात दिशा मोजता येतात, फक्त भिंतींवरची परावर्तनं मग खऱ्या सात स्पीकरांसारखी येत नाहीत.

'एवढा खटाटोप कोण करणार?' हा यानंतर उरणारा आक्षेप शक्याशक्यतेचा नाही, आळसाचा आणि खर्चाचा आहे. त्याला शास्त्राने उत्तर द्यायचं कारण नाही. ज्याच्या घरी पाच स्पीकर आधीच आहेत, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांमुळे रात्री दहानंतर त्यांना हात लावता येत नाही, त्याने एखाद्या रविवारी दुपारी पंखा बंद करून बसावं.